दराब्यात साखर किती

मागल्या वर्षी डॉक्टरांनी माझा रिपोर्ट वाचला आणि माझ्या पोटाकडे बघून उसासा टाकला. शुगर, बीपी, यकृतावर चरबी, सगळं एकदमच. खाता काय, विचारलं. मी म्हटलं, साधंच हो, सकाळी माव्याची जलेबी आणि दुपारी झोप. त्यांनी गोळ्या लिहिल्या आणि गोड बंद केलं. माणसाला सुखाने जगू द्यायचं नाही, असा कटच असतो या लोकांचा!

बायकोचा गोळ्यांवर विश्वास होता, माझ्यावर नव्हता. तिच्या भावाने असीरगढच्या डोंगरातून शुगरवर औषध म्हणून गुडमारचा पाला आणला. गोळ्या सोडायच्या नाहीत, या अटीवर डॉक्टरांनीही मान हलवली. झालं, रोज सकाळी मी बकरीसारखा पाला चावायचो, वर बिनसाखरेचा चहा.

त्यातच पुतणीचा साखरपुडा ठरला. तिचा बाप, माझा धाकटा भाऊ, ती शाळेत असतानाच गेला. तेव्हापासून ती माझीच. तिच्या कार्यात कशाचं उणं पडू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आमच्यात कार्याचा दराबा घरच्या वडीलधाऱ्याने चाखायचा असतो. हलवाई भाजलेल्या रव्यात तूप आणि पिठीसाखर घालून फेटत राहतो, आणि वडील माणूस ‘झालं’ म्हणेपर्यंत त्याने हात थांबवायचा नाही. मी चाखायला निघालो, तर बायकोने दारातच पाला तोंडात कोंबला. म्हणे, उतारा आधीच घेऊन जा.

तो पाला चावल्यावर बराच वेळ जिभेला गोड कळतच नाही, हे मला कुठे ठाऊक! हलवायाने चमचा पुढे केला. तोंडात तापीची रेती. मी म्हटलं, साखर कमी आहे. त्याने घातली. पुन्हा रेती. माझा पारा चढला, माझ्याच पोरीच्या कार्यात कंजुषी का रे बाबा? पाचव्या खेपेला त्याने हात जोडले, म्हणाला, आता यात रवा शोधावा लागेल. मी ऐकतो कशाला! आणखी साखर ओतायला लावली आणि मगच ‘झालं’ म्हटलं.

संध्याकाळी पाहुण्यांना वाट्या गेल्या. मुलाच्या वडिलांनी एक घास घेतला आणि पाणी मागितलं. मग त्यांच्या बहिणींनी मागितलं. मग सगळी बैठकच पाणी पिऊ लागली आणि भरलेल्या वाट्या गुपचूप खुर्च्यांखाली सरकल्या. सोयरे नाराज होऊन उठतात की काय, असं वाटलं.

पाटावर बसलेल्या पुतणीने हे सगळं बघितलं. तिने आपली वाटी उचलली आणि तोंड जराही वाकडं न करता पुसून खाल्ली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “काका, मस्त झालाय. अजून द्या ना.”

ते ऐकून मुलानेही वाटी उचलली, आणि मग त्याच्या आईने. मी खुशीत आत गेलो, पोरीची वाटी भरली आणि सहज एक चमचा तोंडात टाकला. पाल्याचा असर उतरला होता. तो घास मला गिळवेना, आणि रडूही आवरेना. बाहेर ती दुसऱ्या वाटीची वाट बघत बसली होती.