अंगठा पडला की काम झालं

सांगायचं नाय असं मी ठरवलं होतं. पण टपरीवरची मंडळी चहा पाजून पाजून तोंडातून काढतात. "दगडूकाका, ते बॉटचं सांगा ना!" आता लिहूनच देतो, म्हणजे पुन्हा विचारायचं नाय. मी गावाचा पाणीवाला. टाकी भरायची, वॉल फिरवायचे, ज्याच्या त्याच्या आळीला पाणी सोडायचं. या कामात किस्से टाकीतल्या गाळासारखे. कितीही उपसा, तळाला पुन्हा बसतातच. बाकीचे मी हसत सांगतो. हे मान खाली घालून.

*

आमच्या सरपंचबाई शिकलेल्या. त्यांना गावाच्या ग्रुपवर बॉट बसवायचा होता. म्हणजे माणूस नाही, मशीन. रोज ठरल्या वेळेला मेसेज टाकणार, अमक्या आळीला पाणी सोडा.

"खालच्या आळीला किती वाजता सोडता, काका?"

"वरच्या आळीचं झालं की."

"आणि वरच्या आळीला?"

"टाकी भरली की."

"टाकी कधी भरते?"

"लाईट आली की!"

"काका, बॉटला फक्त घड्याळ कळतं."

"मग त्याला एकदा टाकीवर चढवा!"

शेवटी त्यांनी अंदाजाने वेळा टाकल्या. म्हणाल्या, "तुम्ही टाइप करू नका. मेसेजवर नुसता अंगठा टाका. अंगठा पडला की काम झालं. नाही पडला, तर बॉट पुन्हा पुन्हा आठवण करून देणार."

मी म्हटलं, "चौथी शिकलोय मी. सही करतो. अंगठा कशाला?"

त्या हसल्या. मी गंमत केली नव्हती.

*

पहिल्याच सकाळी मी टाकीच्या शिडीवर, आणि खिशात टिंग टिंग सुरू. उतरेपर्यंत डोकं फिरलं. माईक दाबून ओरडलो, "कळलं रं! मी काय मेलोय काय? थोबाड बंद कर!"

मधल्या वेळात सरपंचबाईंच्या सासऱ्यांनी ग्रुपवर 'शुभ सकाळ' टाकलं होतं, गुलाबासकट. माझा आवाज बरोबर त्या गुलाबाखाली!

संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन हात जोडले. "आबा, ते तुमाला नव्हतं, मशीनला होतं."

"असंल," आबा म्हणाले. "मला कमी ऐकू येतं, म्हणून पुन्हा पुन्हा लावून ऐकलं. मोठ्यानं. शेजारी पण आले होते ऐकायला!"

*

लाईट गेली की टाकी भरत नाही. बॉटला त्याचं काय! तो सगळ्या गावासमोर लिहिणार, 'दगडूकाका, आपले काम बाकी आहे.' बाजूला लाल फुली.

कशेळ्याच्या बाजारात सुकी मच्छी घ्यायला गेलो, तर मच्छीवाली म्हणते, "काका, इथं काय करता? काम बाकी हाय ना तुमचं?" तिची भाची आमच्या गावात दिलेली.

तोंड लपवत घरी आलो, तर बायको दारातच. "माझ्या माहेरपर्यंत गेलं हो! भाऊ विचारतो, दाजींना कामावरनं काढलं का?"

*

याच्यापेक्षा वाईट सांगू? हळूहळू मी त्या मशीनवर विसंबायला लागलो. एकदा मोबाईल बंद पडला. मी वॉलपाशी उभा, चावी हातात, आणि आठवेचना! ते पाइप गाडताना खड्डे मी खणलेत.

बाजूला एक सूनबाई धुणं धूत होती. "काय गं, आज पाणी कुणाला?"

ती हातातलं धुणं तसंच धरून बघतच राहिली. "काका, ते तुमी आमाला सांगता ना?"

मी उगाच चपलेतला खडा झटकला. खडा नव्हता.

*

आता आमचे व्याही. लोधिवलीचे. मोहोपाड्याला कंपनीतनं रिटायर झालेले. सून आमच्या गावची, म्हणून तेव्हा नुकतेच हौसेनं आमच्या गावाच्या ग्रुपमध्ये शिरले. माणूस फार सभ्य. कुणी काही टाकलं की उत्तर द्यायलाच पाहिजे. बारसं, अंगठा. लाईट जाणार, अंगठा. कुणाची म्हैस मेली, तरी अंगठा!

मी लेकीला फोनवर म्हटलं, "तुझ्या सासऱ्यांना सांग गं जरा."

"बाबा, व्याही तुमचे. तुमीच सांगा!"

व्याह्याला कोण सांगणार? लेक त्यांच्या घरात नांदते.

*

ठाकरवाडी डोंगराच्या अंगाला आहे. तिथं पाणी एक दिवस आड, आणि वॉल खोलल्यावर चढायला बराच वेळ लागतो. वाडीत बुधीच्या पोरीचं लग्न होतं. बुधीनं आदल्या दिवशी मला वाटेत गाठलं. "काका, उद्याचं पानी इसरू नका."

मी छाती काढून म्हटलं, "मी विसरलो तरी मशीन विसरणार नाय!"

सकाळी मोबाईल बघितला. 'ठाकरवाडीला पाणी सोडा.' आणि लगेच खाली, 'काम पूर्ण. धन्यवाद!' मला वाटलं, लग्नघर आहे, सरपंचबाईंनी कुणाकडून तरी सोडवलं असेल. निवांत भाकरी खाल्ली.

दुपारी बुधी दारात. मागे बायका, हातात रिकामे हंडे. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "पोरीच्या अंगावर हळद सुकली, काका. वऱ्हाड येऊन बसलंय."

पळत जाऊन वॉल खोलला आणि तसाच वाडीवर चढलो. पाणी अजून यायचं होतं. नवरी तोंड ताठ करून बसलेली, कारण हललं की हळद तडकत होती. तरी मला बघून ती हसली. मी मांडवाच्या मागे जाऊन उभा राहिलो.

संध्याकाळी सरपंचबाईंनी मोबाईल तपासला. अंगठा कुणाचा ते बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "काका, कुणाच्याही अंगठ्यानं काम पूर्ण होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. काय लिहू ग्रुपवर?"

"माझंच नाव लिहा," मी म्हटलं. दुसरं नाव लिहून लेकीला तोंड कसं दाखवणार?

मी बोललो, त्यांनी टाइप केलं. 'ठाकरवाडीला पाणी सोडलं नाही. चूक माझी. बुधीची आणि वाडीची माफी मागतो. दगडू पाणीवाला.'

मेसेज गेला. एक माफी मलाही यायची होती, ती आजपर्यंत आलेली नाही. टिंग करून आला तो अंगठा. सगळ्यांच्या आधी.

हरिभाऊ व्याही, लोधिवली.