गडगडलं का आत

प्रभाकर गेल्याची बातमी आम्हाला प्रभाकरच्याच नंबरवरून आली. आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, ‘ढगाळ मंडळी’ नावाचा. अमरावती, अकोला, मोर्शी, परतवाडा इकडची आम्ही काही माणसं त्यावर ढगांचे फोटो टाकतो, टीव्हीवरच्या हवामानाला नावं ठेवतो आणि कोणाकडे जास्त पाऊस पडला यावरून भांडतो. त्या सकाळी जांभळं जाकीट घातलेल्या त्याच्या फोटोशेजारी एवढंच उमटलं, “प्रभाकर पहाटे गेले. हार्ट अटॅक. शोभा.” मी अकोल्यात माझं मेडिकल स्टोअर उघडत होतो. शटर अर्ध्यावरच राहिलं. आणि त्यानंतर मी पहिलं काय केलं हे सांगायची लाज वाटते... मी वर पाहिलं. मे महिना, हवेत चिकट ओल, आणि दक्षिणेकडे सकाळीच ढगांची गाठोडी जमायला लागलेली. मनात आलं, आज दुपारून फुटणार. मग मला रडू आलं. आधी आभाळ आणि मग मित्र, हा क्रम मी बदलू शकलो असतो तर बरं झालं असतं.

प्रभाकर इंगळेचा आवाज ओळखत नाही असा माणूस अमरावतीत सापडणं कठीण. लग्नाच्या मांडवात माईक धरून “मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं” असं सांगणारा माणूस असतो ना, तो प्रभाकर. भरदार आवाज, भरदार मिशा आणि स्वतःवर भरदार प्रेम. त्याच आवाजावर एका लोकल केबल चॅनलनं त्याला संध्याकाळच्या बातम्यांआधी पाच मिनिटं दिली होती. कार्यक्रमाचं नाव ‘आजचं आभाळ’. त्यासाठी त्यानं ते जांभळं जाकीट शिवून घेतलं आणि पंखाही धड फिरत नसलेल्या स्टुडिओत भर उन्हाळ्यात तो ते घालून बसायचा. हवामान खात्याचा अंदाज तो वऱ्हाडीत सांगायचा, ढगांची खोडी काढायचा, आणि शेवटी कॅमेऱ्याकडे बोट रोखून म्हणायचा, “गडगडलं का आत! बाकी उद्या पाहू.” म्हणजे गडगडलं रे गडगडलं की घरात शिरायचं. पोट्टे त्याला रस्त्यात अडवून हेच वाक्य ऐकवायचे. तो गाडी थांबवून त्यांना दाद द्यायचा. संकोच नावाची चीज त्याच्याकडे नव्हतीच, असं मी बरीच वर्षं समजत होतो.

आमची ओळख भांडणातून झाली. अकोल्याचं तापमान त्यानं टीव्हीवर जे सांगितलं ते माझ्या गच्चीवरच्या थर्मामीटरशी जुळेना. मी चॅनलला फोन लावला, त्यांनी तो सरळ त्याच्याकडे दिला. मी माझा आकडा सांगितला. पलीकडून शांतपणे प्रश्न आला, “तुमचं थर्मामीटर गच्चीवर आहे का चुलीवर?” मी चिडून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी हा माणूस एसटीनं अकोल्याला हजर. गच्चीवर चढला, थर्मामीटर उन्हात टांगलेलं पाहिलं, ते काढून सावलीत लावलं आणि खाली येऊन म्हणाला, “आता चहा सांगा. तुमच्या अकोल्यात ऊन अन् चहा सोडून दुसरं आहे काय?” तेव्हापासून मी त्याचा ‘भाऊ’ झालो, आणि शोभावहिनींचा ‘भाऊजी’.

मोठ्या चॅनलांवर आमचा सगळ्यांचाच राग. पडद्यावर लाल रंग ओतायचा, ढोल बडवायचे आणि ‘विदर्भात वादळी पाऊस’ म्हणून मोकळं व्हायचं. जणू बुलढाण्यापासून गोंदियापर्यंत एकच अंगण आहे. मोर्शीचे राऊत सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात. ते फोनवर चार-चार देशांच्या हवामान खात्यांचे नकाशे उघडून कोणाचा अंदाज बरोबर आला ते मांडायचे, मी त्यात चुका काढायचो, आणि आमचं चांगलं रंगायचं. प्रभाकर मध्येच तोंड घालायचा. “येते का नाही येत, यावरच सारे भांडून राहिले तुमी. आला तं काय करसान, ते सांगा ना एखांद्यानं.” मग त्यानंच ग्रुपला नियम घालून दिला. ढग गरजल्याचा आवाज कानावर आला की पक्क्या घरात जायचं आणि ग्रुपवर एकच शब्द लिहायचा, ‘आत’. झाडाखाली नाही, टिनाच्या शेडखाली नाही. शेवटचा गडगडाट ऐकल्यावरही अर्धा तास बाहेर पाय टाकायचा नाही. ज्याच्या गावावर ढग आणि ज्याचं ‘आत’ नाही, त्याला प्रभाकरचा फोन यायचाच. मला गिऱ्हाईक असताना यायचा, राऊत सरांना वर्गात यायचा. आम्ही वैतागायचो आणि ‘आत’ लिहून टाकायचो.

त्याला वादळं आवडत नव्हती असं कोणी समजू नये. एकदा आम्ही चिखलदऱ्याला गेलो होतो. खालच्या मैदानावर एक ढग असा उभा राहिला की आम्ही गाडीतून उतरलोच. आम्ही कडेला उभं राहून फोटो काढत होतो आणि तेवढ्यात दूरवर गुरगुर झाली. प्रभाकरनं गाडीत बसून हॉर्नवर हात ठेवला तो आम्ही चौघं आत येईपर्यंत उचललाच नाही. पॉइंटावरचे पर्यटक आम्हाला शिव्या देत होते. मग काचा वर करून बसलो, तर हाच काचेला नाक लावून, प्रत्येक लखलखाटाला “अरे बाप्पा... अरे बाप्पा...” करत बसलेला. राऊत सरांनी विचारलं, “प्रभाकरराव, तुमच्या घरचं कोणी गेलं होतं का विजेनं?” तो एकदम उखडला. “कावून? कोनी मेल्यावरच शिकाव लागते का?”

आता त्या लग्नाची गोष्ट सांगायलाच हवी. दर्यापूरकडच्या एका गावात लग्न होतं, मोकळ्या शेतात मोठा मांडव, आणि मांडव म्हणजे लोखंडी खांबांचं रान. वादळाचा दिवस दिसतो म्हणून प्रभाकरनं मलाही सोबत नेलं होतं. मंगलाष्टकं सुरू झाली, आणि दुसऱ्या की तिसऱ्या मंगलाष्टकाला पश्चिमेकडून हलकासा गडगडाट आला. बँडवाल्यांच्या ढोलाचा असेल असं वाटावं इतका हलका. प्रभाकरनं भटजींच्या तोंडासमोरचा माईक काढून घेतला. “मंडळी, अक्षता मुठीतच ठेवा अन् बाजूच्या शाळेत चाला. नवरदेव, तुमीबी. लगन कुठं पळून नाही जात.” मुलीच्या काकांनी त्याचं जाकीट धरलं. तो जाकीट त्यांच्या हातात सोडून माईकवर ओरडत राहिला. म्हाताऱ्यांना हात धरून नेलं, आचाऱ्यांना चुलीपासून उठवलं. शेवटी अख्खं वऱ्हाड शाळेच्या वर्गांत कोंबलं गेलं. नवरदेव पहिलीच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेला मला अजून दिसतो.

आणि वीज पडली नाही. पाऊससुद्धा धुळीचे डाग पडावेत इतकाच आला. त्यानं सांगितलेला अर्धा तास संपला तेव्हा लख्ख ऊन होतं आणि मुहूर्त टळून गेला होता. काकांनी त्याला सगळ्यांसमोर काय काय ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही. कोणीतरी व्हिडिओ काढला, तो जिल्हाभर फिरला. त्या सीझनला त्याची लग्नं कमी झाली. परतताना गाडीत मी विचारलं, “लाज नाही का वाटली, भर मांडवात?” म्हटलं हा हसून काहीतरी फेकेल. तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, “वाटली ना भाऊ. लय वाटली. पन लाजेनं मानूस मरत नाही.”

त्याचे अंत्यसंस्कार त्याच्या गावी झाले, अमरावतीपासून जवळच. नाल्याच्या काठी स्मशान, चितेवर टिनाचं शेड, बाजूला एक मोठा कडुनिंब. रस्त्यापलीकडे ग्रामपंचायतीचं नवं पक्कं सभागृह, दार सताड उघडं. ग्रुपमधले आम्ही पाचजण आलो होतो. अग्नी दिला, आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे तिथंच शोकसभा सुरू झाली. अर्धी माणसं शेडखाली, अर्धी कडुनिंबाखाली. गावातले एक पुढारी बोलायला उभे राहिले. “प्रभाकरभाऊंनी आपल्याले काय शिकवलं? गडगडलं का आत!” आणि ते हे म्हणत असतानाच गडगडलं. अगदी स्पष्ट. मी राऊत सरांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. आम्ही पाचही जणांनी एकाच वेळी वर पाहिलं आणि एकाच वेळी मान खाली घातली. पुढारी बोलतच राहिले. लोकही उभे राहिले. चिता सोडून उठा असं कोण म्हणणार?

मग प्रभाकरचे मोठे चुलतभाऊ, अण्णा, म्हणाले, “आता प्रभाकरच्या ढगवाल्या मित्रायपैकी कोनी दोन शब्द बोला.” सगळ्यांनी मला पुढे केलं.

म्हणजे बोलायची जागा माझी होती. दीडशे-दोनशे माणसं माझ्या तोंडाकडे पाहत होती. “चला, त्या सभागृहात जाऊ, तिथं बोलतो” एवढं म्हणायचं होतं. शब्द तोंडात तयार होते. पण समोर अण्णा डोळे पुसत उभे होते, पांढरे कपडे घातलेली अनोळखी माणसं होती, आणि मला वाटलं हे हसतील... किंवा हसणार नाहीत, पण म्हणतील, काय येडा माणूस आहे. म्हणून मी भाषण केलं. प्रभाकर किती निडर होता ते सांगितलं. भर मांडवात त्यानं माईक कसा हिसकावला, तेही सांगितलं. माझा आवाज भरून आला, दोघांचौघांनी रुमाल काढले. वर आणखी दोनदा गडगडलं. मी थांबलो नाही.

बोलून मागं सरकलो तोच खिशात फोन वाजला. पडद्यावर जांभळं जाकीट. शोभावहिनी होत्या, घरून, बायकांच्या रडण्यातून. “भाऊजी, गडगडून राहिलं. सारे आत गेले ना?” मी कडुनिंबाच्या बुंध्याला टेकून उभा होतो. म्हटलं, “हो वहिनी, गेले. काळजी नका करू.” पलीकडे त्यांनी मोठा श्वास सोडलेला मला ऐकू आला. “बरं झालं. त्यायनं तेच इचारलं असतं.”

त्यानंतर आम्ही दोन मिनिटं मौन पाळलं. ते संपायच्या आत नाल्यापलीकडच्या शेतात वीज पडली. सगळे मटकन खाली बसले, कोणी कोणाच्या अंगावर पडलं, आणि मग गारांच्या माऱ्यात जो तो वाट फुटेल तिकडं पळाला. कोणाला काही झालं नाही. यात आमचं काहीच कर्तृत्व नाही. वीज नाल्याच्या अलीकडे पडली असती तर हा लेख दुसऱ्या कोणाला तरी, बऱ्याच जणांसाठी लिहावा लागला असता. प्रभाकरच्या घरी पोचलो तेव्हा आम्ही पाचही जण नखशिखांत भिजलेलो. दारात शोभावहिनी टॉवेल घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शर्टावरून, पँटवरून ओघळणाऱ्या पाण्याकडे पाहिलं, पायाशी साचलेल्या चिखलाकडे पाहिलं. मग टॉवेल पुढे केला. “डोकं पुसा भाऊजी. सर्दी होईन.” त्या दुसरं काही बोलल्या असत्या तर मी सुटलो असतो.

तेरवीला गेलो तेव्हा सांगायचं ठरवून गेलो होतो. बैठकीत त्याचं जाकीट खुंटीला तसंच होतं, खिशातून माईकचा फोमचा गोळा डोकावत होता. वहिनींनी पुरणपोळी वाढली, मुलांची चौकशी केली. मी चॅनलवाल्यांबद्दल बोललो, राऊत सरांबद्दल बोललो. कार्यक्रम बंद झाला आहे, त्या पाच मिनिटांत आता जाहिराती असतात, यावर दोघंही हळहळलो. जे सांगायचं होतं ते तसंच पोटात घेऊन परत आलो.

परवा दुपारी अकोल्यात आभाळ भरून आलं. मी दुकानावरच्या गच्चीत गेलो. मोर्णा नदीच्या बाजूला ढगाची अशी काही भिंत उभी राहिली होती की फोटो काढल्याशिवाय राहवेना. तेवढ्यात गडगडलं. बोटांना सवय आहे. मी गच्चीच्या कठड्याशी उभा राहूनच ग्रुपवर लिहिलं, ‘आत’, आणि पुन्हा कॅमेरा उघडला. फोन हातात थरथरला. प्रभाकरचा नंबर, तोच फोटो, तीच मिशी. पुढे एकच शब्द होता.

“खरंच?”

मी जिना उतरलो. दुकानात आलो, शटरपासून लांब, औषधांच्या कपाटांमागं स्टूल ओढून बसलो. मग ग्रुपवरच, सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, “नव्हतो वहिनी. त्या दिवशीही नव्हतो. आम्ही कोणीच नव्हतो.”

बाहेर एकदा जोरात कडाडलं, दिवे गेले. अंधारात फोनचा पडदा उजळला.

“मले तवाच दिसलं होतं भाऊजी. आता अर्धा तास उठू नका.”