अंगणातलं कोर्ट

देवाने काही माणसं केवळ दुसऱ्याच्या भानगडीत पडण्यासाठी जन्माला घातलेली असतात, आणि अशा माणसांचं कधी संमेलन भरलंच तर माझे साडू त्याचे बिनविरोध अध्यक्ष होतील. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो, आणि ते मला ‘पाव्हणं’ म्हणतात. लग्नाला एवढी वर्षं झाली तरी माझं पाहुणेपण काही संपलेलं नाही. दाजी वकील आहेत. मांजरसुंब्याच्या चौकापासून हाकेच्या अंतरावर त्यांचं घर आहे. ज्याला वकील परवडत नाही असा कुठलाही मजूर बसमधून, ट्रकमधून नाहीतर टेम्पोतून या चौकात उतरला की त्याला वाट विचारावी लागत नाही. पानटपरीवाला त्याचा पडलेला चेहरा बघूनच बोट दाखवतो. कोर्टाकडून मोफत मदत देणाऱ्या वकिलांमध्ये दाजींचं नाव आहे हे खरं, पण नाव तसं आणखीही पुष्कळांचं असतं. दाजींनी ते अंगाला लावून घेतलं आहे.

अंगाला म्हणजे किती, तर चौकातल्या ढाब्यावर ते चहाला बसले की वेटरला आधी साखर कमी सांगतात आणि लगेच विचारतात, “काय बे, आठवड्याची सुट्टी मिळती का?” वेटर गल्ल्याकडे बघतो, गल्ल्यावरचा मालक छताकडे बघतो. एकदा मालकाने माझ्यासमोर हात जोडले. “वकीलसाहेब, चहा जल्मभर फुकट घ्या, पण माझ्या माणसांसंगं बोलू नका.” दाजींनी चहाचे पैसे टेबलावर ठेवले, दुसरा चहा मागवला आणि तो घेऊन आलेल्या वेटरला शेजारी बसवून जादा कामाचा कायदा सांगायला सुरुवात केली. मी मान खाली घालून भजी खात होतो. दाजींच्या सोबत असताना मी बहुतेक वेळा मान खाली घालूनच काहीतरी खात असतो.

फीचं नाव काढलं की त्यांचं डोकं फिरतं. वांगी, हुरडा, ताकाची कासंडी असं काही कुणी आणलं, तर ते दारातूनच परत पाठवतात. माझी मेहुणी, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, मागच्या दाराने ते घेऊन टाकते. त्यामुळे त्यांच्या घरी दाजींची तत्त्वं आणि वांग्याची भाजी दोन्ही सुखाने नांदतात. फक्त नांदूरघाटच्या एका मेंढपाळाने घोटाळा केला. कळप विकून तो खडी क्रशरवर कामाला लागला होता आणि तिथून त्याला काढलं होतं. दाजींनी त्याला कामावर परत घ्यायला लावलं, तेव्हा त्याने शेळीचं एक पिल्लू अंगणात बांधलं आणि न बोलता निघून गेला. ते काही मागच्या दाराने लपवता येण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दाजी पिल्लू काखेत मारून नांदूरघाटच्या बसमध्ये चढले. मांडीवरचं जनावर हे सामान की प्रवासी, यावर त्यांनी कंडक्टरला इतकं समजावलं की शेवटी तो म्हणाला, “साहेब, कायदा तुमचा, पण बस माझी हाय. तिकीट काढा न्हाईतर दोघं बी उतरा.” दाजींनी अर्धं तिकीट काढलं, आणि मग तिकीट आहे म्हटल्यावर पिल्लाला खिडकीची जागा मिळालीच पाहिजे म्हणून नवं भांडण सुरू केलं.

पण दाजींचा खरा चक्रमपणा बघायचा तर रविवारी त्यांच्या अंगणात यावं. रविवारी तिथे कोर्ट भरतं. ज्याची साक्ष जवळ आली असेल त्याला दाजी बोलावतात आणि आधी स्वतःचा काळा कोट त्याच्या अंगावर चढवून त्याला चहा पाजतात. “कोट बघितला की माणसाची वाचा बसती,” ते म्हणतात. “एकदा आत शिरून बघितलं की कळतं, आत निसता घाम हाय.” मग साक्षीदार तुळशीवृंदावनाशेजारी उभा राहतो. न्यायाधीश म्हणजे अक्का. ती बाजेवर बसून मेथी निवडते. “जज्जसाहेब आयकतात असं वाटत न्हाई, पण समदं आयकत असतात. अक्काचं तसंच हाय,” असं दाजींचं म्हणणं. आणि मालकाच्या बाजूचा वकील म्हणजे मी. ही नेमणूक का झाली ते मी कधी विचारलं नाही, कारण उत्तर मला ठाऊक आहे. मी एका कारखान्याच्या ऑफिसात आहे. कामगारांचे अर्ज माझ्या टेबलावर येतात आणि बहुतेक माझ्या टेबलावरूनच परत जातात. अंगणातल्या कोर्टाचा नियम एकच: प्रश्न कितीही विचारा, उत्तर काय द्यायचं ते मात्र साक्षीदाराला कुणी सांगायचं नाही. मी ओरडतो, बोट रोखतो, “खोटं बोलताय!” म्हणतो. हे मला चांगलं जमतं. घरी जाताना मला त्याची लाज वाटते, आणि पुढच्या रविवारी मी वेळेच्या आधी हजर असतो.

अशाच एका रविवारी चकलांब्याहून कौसाबाई आल्या. जिनिंग मिलमध्ये मशीनला कापूस घालताना त्यांच्या उजव्या हाताची बोटं गेली होती. मिलने सांगितलं, ही बाई आमच्याकडे कामाला नव्हतीच. सरकी चोरायला आत शिरली आणि हात अडकवून बसली. कागद कुठलाच नव्हता. बरोबरच्या बायकांना मिलमध्ये रोज जायचं होतं, त्यामुळे त्यांना काही आठवत नव्हतं. दाजी भरपाईचं समजावून सांगू लागले तेव्हा कौसाबाई म्हणाल्या, “ते तुमी बघा. मी कामाला व्हते, चोर न्हाई, एवढं कोर्टातल्या साहेबानं म्हनलं पायजे. गावात मला बघून लोक दाण्याच्या कणगीला झाकण घालायलेत.”

पहिल्या रविवारी त्या जमिनीकडे बघत, हात पदरात गुंडाळून उभ्या राहिल्या. मी माझ्या नेहमीच्या आवाजात ओरडलो, “सरकी चोरायलाच शिरला होता ना?” त्यांनी एकवार माझ्याकडे बघितलं, कोट काढून बाजेवर ठेवला आणि चालू लागल्या. मी मागे धावणार तेवढ्यात दाजींनी माझा हात धरला. “जाऊ द्या. हितून उठून गेली ते बरं झालं. तिथून उठता येत न्हाई.” तो आठवडा मला जेवण गोड लागलं नाही. पण पुढच्या रविवारी त्या आल्या, त्याच्या पुढच्याही आल्या, आणि हळूहळू त्यांची मान वर आली. एक दिवस माझा प्रश्न अर्ध्यावर तोडून त्या म्हणाल्या, “भाऊ, तुमी इतकं वंगाळ कशापायी बोलता? घरी बी असंच हाय का?” न्यायाधीशांच्या मांडीवरची मेथी खाली सांडली. “सवाल मंजूर!” अक्का म्हणाली, “आरोपीनं उत्तर द्यावं.” त्या दिवसापासून आरोपी मीच.

बीडच्या कोर्टात साक्ष होती त्या दिवशी मी रजा टाकून मागच्या बाकावर बसलो. मिलचे वकील उठले. ते ओरडलेच नाहीत. “मावशी, प्रवास लांबचा झाला, पाणी घ्या,” म्हणाले. मग अगदी मऊ आवाजात: “मिलच्याच गाडीने तुम्हाला दवाखान्यात नेलं ना? माणुसकी म्हणून?” कौसाबाई हो म्हणाल्या. “चांगली माणसं आहेत ना ती?” त्यालाही हो. “गरिबी वाईट असते मावशी. मूठभर सरकी कुणी उचलली तर त्यात एवढं काय?” कौसाबाईंची मान हलू लागली. ओरडणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं ते आम्ही त्यांना शिकवलं होतं. गोड बोलणाऱ्याला नाही कसं म्हणायचं हे आमच्या अंगणात कुणाला सुचलंच नव्हतं. दाजींनी टेबलाची कड घट्ट धरली होती. कौसाबाई गोंधळल्या, इकडेतिकडे बघू लागल्या आणि मागच्या बाकावर मी दिसताच मोठ्याने म्हणाल्या, “भाऊ, तुमी इचारा की! ह्यांचं मला समजंना!”

कोर्ट हसलं. मिलच्या वकिलांचा मऊपणा एका क्षणात उतरला. “साहेब, साक्षीदार पढवलेली आहे!” न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि विचारलं, “बाई, तुम्हाला कुणी शिकवलंय?”

मला वाटलं, संपलं. दाजी अर्धवट उठले होते, तसेच थांबले.

“शिकवलं की,” कौसाबाई म्हणाल्या. “वकीलसाहेबांच्या अंगणात. बोलायला शिकवलं साहेब, काय बोलायचं ते न्हाई शिकवलं.”

“मग आता बोला.”

त्यांनी पदरातला हात बाहेर काढला आणि सगळ्यांना दिसेल असा कठड्यावर ठेवला. “चोरी करायला आलेली बाई चालू मशीनपाशी कशाला थांबल? सरकी तर पल्याडच्या ढिगात पडलेली असती. माझा हात कापूस घालायच्या तोंडात गेला. तिथं मला रोज कोण उभं करत व्हतं, ते ह्यांना इचारा.” न्यायाधीशांनी मिलच्या वकिलांकडे बघितलं. ते कागद चाळू लागले. मग साहेबांनी टायपिस्टला ते सगळं जसंच्या तसं घ्यायला सांगितलं.

परत येताना दाजींनी कंडक्टरशी जराही न भांडता दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाले, “चुकलंच पाव्हणं. आपुन तिला दुष्ट माणसाची सवय लावली, अन् समोर आला सज्जन.” मला राहवलं नाही. म्हणालो, “दाजी, असा वकील तुम्हाला घरातच मिळाला असता. ऑफिसात मी कधी ओरडत नाही. बसा म्हणतो, पाणी देतो, आणि मग नाही म्हणतो.” त्यांनी माझ्याकडे रागाने बघितलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “मंग येत्या रविवारी ऑफिसातलेच या.”

आता मी अंगणात गोड बोलतो. ओरडण्यापेक्षा हे फार अवघड जातं, कारण यात नाटक काहीच करावं लागत नाही.

कौसाबाईंचा निकाल काही महिन्यांनी लागला. त्या मिलच्याच कामगार होत्या, चोरीचा आरोप निराधार होता, भरपाई द्यावी, असं साहेबांनी म्हटलं. कौसाबाईंनी एकच मागणं केलं: ते गावात येऊन सगळ्यांपुढं वाचून दाखवा. आम्ही चकलांब्याला गेलो. मारुतीच्या पारावर बायका, म्हातारे, मिलमधून सुटलेले मजूर जमले होते. कणगी झाकणारेही त्यांच्यातच असणार. दाजींनी ऊन असूनही कोट घातला होता. त्यांनी कागद धरला, घसा खाकरला, पहिली ओळ वाचली आणि दुसऱ्या ओळीवर थांबले. पुन्हा खाकरले. कंडक्टरपासून जज्जापर्यंत कुणाचं न ऐकणारा हा माणूस, त्याचा आवाज फुटेना. डोळे कागदावरच होते. माणसं वाट बघत होती. मी पुढे होऊन कागद घ्यावा का, या विचारात नेहमीसारखा जागच्या जागी उभा राहिलो.

कौसाबाई पाराची पायरी चढून वर आल्या. दाजींच्या कोटाच्या बाहीला त्यांनी हलकेच हात लावला.

“ऱ्हाऊ द्या वकीलसाहेब,” त्या म्हणाल्या, “तुमी बसा. मी सांगते.”