न्हाई म्हटलं तरी

मी देवभोळी नाही. सांगलीत विश्रामबागेत शिवणाचा क्लास चालवते. माझा भरवसा टेपवर आणि कात्रीवर. उपासतापास ह्यांच्याकडं. हे कुंडलचे, फौजेतून निवृत्त झालेले. गणपतीची संकष्टी त्यांनी सीमेवरही चुकवली नव्हती. डायबिटीस निघाल्यावर डॉक्टरांनी उपास बंद करायला सांगितलं, ह्यांनी मान डोलावली आणि मी ती खरी धरली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट, मोबाइल हातात यायच्या आधीची. मुलीनं हट्टानं आम्हाला ग्रीसच्या सहलीला पाठवलं होतं. जुन्या देवळांचे खांब बघून झाले आणि एका बेटावर गाइडनं सगळ्यांना समुद्राकाठच्या पायवाटेनं पुढच्या गावाला चालत न्यायचं ठरवलं. सामान बसनं पुढं गेलं, साखरेच्या पुड्या असलेली माझी पिशवीही त्यातच. खाली पाणी इतकं निळं, की मीसुद्धा बघत उभी राहिले. मागं वळले तर हे एका घराच्या कट्ट्यावर बसलेले, घामानं भिजलेले, हात थरथरतायत.

"नाश्ता केला होता ना?"

"आज संकष्टी हाय."

"आणि गोळी?"

"ती घेतली की. गोळी कशी चुकवीन?"

एवढं बोलून डोळे मिटायला लागले. रिकाम्या पोटी त्या गोळीनं रक्तातली साखर पार उतरते, हे मला माहीत होतं. आमची माणसं बरीच पुढं गेली होती. "हलू नका," असं बजावून मी पळाले, हाका मारल्या. वाऱ्याशिवाय कुणी ओ दिली नाही. परत फिरताना तोंडून निघालं, "बाप्पा, उपास तुझा आहे, आता माणूसही तूच सांभाळ." ती प्रार्थना नव्हतीच, तक्रार होती.

वळणावर आले तर त्या घरातली काळ्या कपड्यांतली म्हातारी ह्यांच्यासमोर उभी. एका हातात बशी, दुसऱ्यात चमचा. ती काहीतरी विचारायची, हे जड जिभेनं "न्हे... न्हे..." म्हणायचे, 'न्हाई' पुरतं म्हणायचंही त्राण नव्हतं. दर नकाराला ती हसायची आणि चमचा तोंडात घालायची. जवळ जाऊन बघते, तर पाकातली द्राक्षं! आमच्या सांगलीचं फळ, त्या परक्या दारात.

हळूहळू घाम आटला. ह्यांचं पहिलं वाक्य, "अगं, उपास मोडला गं."

"मोडला कसला? सुटला म्हणा."

तेवढ्यात आम्हाला शोधत गाइड आला. म्हातारीशी बोलला आणि हसायलाच लागला. दारी आलेल्याला चमचाभर गोड द्यायची तिकडं रीत. आणि त्यांच्या भाषेत 'ने' म्हणजे हो. "साहेब दर वेळी हो म्हणत होते," तो म्हणाला. मीही हसले. मग म्हातारीच्या पायाला हात लावला, तर ती संकोचली आणि मलाही एक चमचा भरवला.

त्या दारात कोण उभं होतं, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मला एवढंच कळलं, की आपण नको म्हणत असतानाही देणारा देत असतो. आपण तोंड उघडलं की पुरे. तेव्हापासून घरातली संकष्टी मी धरते. ह्यांना मात्र वेळेवर पान वाढते. अजूनही कुरकुरतात, "न्हाई, आज नको."

मी वाढते.