किल्ली काढलेली गाडी आणि आप्पांचा उजवा पाय

आधीच सांगते, या सदरातले अतर्क्य अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आले. रात्रीच्या जेवणानंतर एखादा वाचायचा, अण्णाला म्हणजे माझ्या थोरल्या भावाला पाठवायचा, आणि दोघांनी मिळून हसायचं. आमचं घर बौद्ध. बाहेरच्या खोलीत बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या. लहानपणी गल्लीत कुणाच्या अंगात आलं, की आमचे वडील, आप्पा, आम्हाला मुद्दाम बघायला पाठवायचे. परत आलो की विचारायचे, "काय दिसलं? बाई दमल्याली दिसली का न्हाय? मग देव कुटला आलाय तितं..." अशा माणसाची मी मुलगी. त्यामुळं हे लिहिताना आप्पांच्या विरुद्ध साक्ष देतेय असं वाटतं. पण घडलं ते घडलं.

मी बेळगावात कॅम्पमधल्या एका स्टुडिओसाठी ड्रोन उडवते. लग्नं, प्री-वेडिंग, कधी कुणाच्या लेआउटचं शूटिंग. राहायला हिंडलग्याला, आप्पांसोबत. आई जाऊन बरीच वर्षं झाली. आप्पा सरकारी बसवर ड्रायव्हर होते, आयुष्यभर निपाणी भागातल्या गाड्या चालवल्या. त्यांचा घरात एकच कायदा होता... उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवायचं नाही. कुणी दारात स्कूटर चालू ठेवून बोलत थांबलं तर आतून आवाज यायचा, "बंद कर रं ती. पेट्रोल काय वड्याला वाहतंय व्हय?" अण्णाच्या तर हे अंगातच मुरलंय. सिग्नलला थांबला तरी किल्ली फिरवतो. वहिनी म्हणते, ह्यांचा हात किल्लीवर जातो तेव्हा ह्यांचं ह्यांनाही कळत नाही.

या कायद्याला अपवाद एकच, आणि तो आम्ही इतक्यांदा ऐकलाय की झोपेतही सांगू शकू. तवंदी घाटात एकदा ट्रॅफिक तुंबलं होतं. बसची बॅटरी अगदी बाद झालेली, बंद केली असती तर पुन्हा सुरू झाली नसती. आणि गाडीत कळा सुरू झालेली एक बाई. आप्पा ॲक्सिलेटरवर पाय ठेवून, रेस देत बसून राहिले. पॅसेंजर उतरून चहा पिऊन आले, पाय मोकळे करून आले, आप्पा जागचे हलले नाहीत. गोष्टीचं शेवटचं वाक्य आम्ही भावंडं त्यांच्याबरोबरच म्हणायचो, चिडवायला... "मानसाचं काम झाल्याबिगर पाय उचलायचा न्हाय."

गेल्या काही वर्षांत त्यांना विसरायला होऊ लागलं. मला कधी त्यांच्या बहिणीच्या नावानं हाक मारतात, कधी कंडक्टर समजून "घंटी मार की" म्हणतात. घाटाची गोष्ट मात्र सगळ्यात शेवटी विसरले.

हा प्रसंग ऑक्टोबरातला. निपाणीपासून आत, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून आमचं गाव आहे. मधे एक ओढा, पलीकडं दुसरं राज्य. तिथं माझी चुलत बहीण, सुनंदाआक्का, राहते. हवापालट म्हणून आप्पांना चार दिवस तिच्याकडं सोडलं होतं. सकाळी तिनं त्यांना इन्सुलिन दिलं, पोहे आणायला आत गेली, बाहेर आली तर खाट रिकामी. चपला तिथंच.

इन्सुलिन घेतलेला माणूस, पोटात काही नाही, अनवाणी, आणि वर ऑक्टोबरचं ऊन. तिचा फोन आला आणि मी ड्रोनची बॅग उचलली, अण्णानं गाडी काढली. पोचलो तर आक्का रस्त्यावरच उभी होती. "समद्या विहिरी बघितल्या गं," एवढंच म्हणाली. पोलीस येऊन फिरून गेले होते, ओढ्यापलीकडच्या ठाण्यालाही त्यांनी कळवलं होतं. पोरं मोटरसायकलींवर हायवेकडं गेलेली. राहिला होता तो ऊस. गावाच्या तिन्ही बाजूंना, माणसाच्या डोक्याच्या वर गेलेला, तोडीला आलेला ऊस. त्यात बसलेला माणूस दोन हातांवरून दिसत नाही.

ड्रोन सरळ वरून नेला आणि कॅमेरा खाली केला तर सरीच्या फटीतून जमीन दिसते. पण त्यासाठी खालून, हळूहळू, एकेक सरी बघत जावं लागतं. बॅटऱ्या माझ्याकडं तीन. एक बॅटरी म्हणजे जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं. त्यात त्या दिवशी गावात मेंटेनन्ससाठी लाईट नव्हती, ती संध्याकाळनंतर येणार होती. म्हणून गाडी शेताच्या कडेला लावली, लायटरच्या सॉकेटला छोटा इन्व्हर्टर जोडला, त्याला चार्जर. असं चार्जिंग फार सावकाश होतं, एका बॅटरीला तासाच्या वर जातो. उडवून आणलेली बॅटरी इतकी तापलेली असते की थंड झाल्याशिवाय चार्जच होत नाही, म्हणून एसी लावून तिला वाऱ्यापुढं धरून बसायचं. आणि आमच्या गाडीत किल्ली बंद केली की सॉकेट मेलंच.

दुपार अशीच गेली. उडवायचं, उतरवायचं, थंड करायचं, लावायचं, अर्धीच भरलेली परत काढून उडवायचं. स्क्रीनवर नुसता हिरवा रंग. एकदा पांढरं काही दिसलं, मी ओरडले, खाली नेलं तर खताचं रिकामं पोतं. अण्णा उसात शिरून पाती बाजूला सारत बघत होता. त्याचे हात उसाच्या पात्यांनी चिरले होते.

ऊन कलायला लागलं तेव्हा तिन्ही बॅटऱ्या संपल्या होत्या. सगळ्यात बरी होती ती मी स्वतः चार्जरला लावली. एकच लाल दिवा लुकलुकत होता, म्हणजे जवळजवळ रिकामी. अण्णाला म्हटलं, "इथंच बस. इंजिन चालू ठेव. अंधार पडायच्या आत एक शेवटची फेरी होईल."

"बस्तो. तू जा वड्याकडं," तो म्हणाला.

मी ओढ्याच्या काठानं हाका मारत गेले. आवाज बसला होता. अंधार पडला की कॅमेऱ्याला काही दिसणार नाही, आणि आप्पा सकाळपर्यंत टिकणार नाहीत, हे मला स्पष्ट कळत होतं. एका जागी मी खालीच बसले. कुणाकडं तरी मागावं असं वाटत होतं आणि कुणाकडं मागायचं ते कळेना. आमच्या घरात मागायला देव ठेवलेला नाही. नवस बोलणाऱ्या बायकांचा मला त्या दिवशी पहिल्यांदा हेवा वाटला. शेवटी मी आप्पांनाच म्हटलं, आप्पा, थोडं थांबा, माझी बॅटरी भरू दे.

परत आले तर गाडी गप्प उभी. अण्णा नाही. किल्ली नाही.

नंतर कळलं ते असं. मी वळले आणि त्याला फोन आला, हायवेच्या पुलाखाली एक म्हातारा बसलाय म्हणून. एक पोरगा मोटरसायकल घेऊन आला, अण्णा त्याच्यामागं बसून गेला. जाताना हात किल्लीवर गेला... किल्ली फिरवली, काढली, खिशात टाकली. पुलाखाली होता तो भलताच कुणी होता. पण त्या क्षणी मला हे काही माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं की तासभर काहीच चार्ज झालेलं नाही, आणि सूर्य उसाच्या तुऱ्यांना टेकलाय. मी गाडीच्या छतावर दोन्ही हात आपटले. अण्णाला शिव्या दिल्या, आप्पांना दिल्या, त्यांच्या त्या कायद्याला दिल्या. मग बॅटरी काढून घ्यावी म्हणून दार उघडलं.

इन्व्हर्टरचा हिरवा दिवा चालू होता.

डॅशबोर्ड पूर्ण काळा. पंखा बंद, आत भट्टी झालेली. आणि बॅटरीवरचे चारही दिवे पेटलेले. हात लावला तर बॅटरी थंड होती. विचार करायला वेळ नव्हता, खरं सांगते, त्या वेळी मला नवलही वाटलं नाही. ओढून काढली, ड्रोनमध्ये बसवली आणि उडवला.

ओढ्याच्या अलीकडचा मोठा फड, जो आम्ही दुपारी एकदा बघितला होता, त्याच्या मधोमध पाण्याच्या मोटारीच्या पेटीसाठी थोडी जागा मोकळी सोडलेली आहे. पेटीसमोर एक दगड. दगडावर आप्पा बसले होते. वरून त्यांचं टक्कल दिसलं, सदरा दिसला, आणि दोन्ही हात दिसले... पुढं, रुंद पसरलेले, काहीतरी मोठं गोल धरल्यासारखे. बसचं स्टिअरिंग कसं धरतात ते मी जन्मभर बघितलंय.

ड्रोन तिथंच त्यांच्या डोक्यावर थांबवून ठेवला आणि रिमोट हातात घेऊन मी उसात शिरले. आत दिशा कळत नाही, वरच्या घरघरीच्या रोखानं जायचं. पाती तोंडावर बसत होती. अण्णाला फोन लावून कानाशी धरला आणि रडत रडत एवढंच सांगितलं, "घावलं, घावलं, मोटारीच्या पेटीपाशी." अर्ध्या वाटेत बॅटरी संपत आल्याचा इशारा वाजायला लागला. अशा वेळी ड्रोन आपोआप माघारी फिरतो, मी ते रद्द केलं. तो वाजतच राहिला, स्क्रीनवरचा आकडा अगदी तळाला गेला, तरी घरघर थांबली नाही.

आप्पा घामानं भिजले होते, ओठ पांढरे, उजवा पाय थरथरत होता. पण पाय जमिनीवर गच्च दाबलेला. टाचेखाली माती उकरून खड्डा पडला होता, आणि त्या खड्ड्यातली माती ओली, लालसर होती. मी खिशातलं चॉकलेट त्यांच्या तोंडात घातलं आणि त्यांना उठवायला गेले तर उठेनात.

"पाय उचला, आप्पा."

"बॅटरी डाऊन हाय," ते म्हणाले. "बंद केली तर चालू हुनार न्हाय परत. मी धरलीया."

तेवढ्यात मागून पाती मोडत अण्णा आला.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मला ओळखलं की नाही, आजही सांगता येणार नाही. "तुजं काम झालं का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "झालं, आप्पा."

त्यांनी पाय उचलला. आणि वरची घरघर बंद पडली. ड्रोन बाजूच्या उसात कुठंतरी धाडकन पडला.

आम्ही त्यांना उचलून गाडीपर्यंत आणलं. गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. निपाणीच्या दवाखान्यात साखर तपासली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "एवढ्या कमी साखरेवर हे बसून कसे होते?"

मी सगळं घासून बघितलंय, आप्पांचीच मुलगी आहे. किल्ली काढून सॉकेट कितीतरी वेळा तपासलं, दर वेळी मेलेलंच. बेळगावच्या मेकॅनिकनं वायरिंग उघडून बघितलं, काही सापडलं नाही. अण्णा म्हणतो, किल्ली फिरवली तेव्हा इन्व्हर्टरचा दिवा विझलेला त्यानं बघितला होता, पण तेव्हा डोक्यात फक्त पूल होता. बॅटरी मुळात भरलेलीच असेल, मी गडबडीत चुकले असेन, असंही स्वतःला समजावून बघितलं. पण तो एकच लाल दिवा मी बघितला होता. आप्पांना ड्रोन म्हणजे काय, बॅटरी कुठं लावलीय, मी ओढ्याकाठी काय बोलले, यातलं काही कळायचा मार्ग नव्हता. आणि त्यांच्याच शिकवणीप्रमाणं याला काहीतरी साधं कारण असणार. मला ते सापडलेलं नाही.

आप्पा आता अंथरुणालाच आहेत. बोलत जवळजवळ नाहीत. डॉक्टरांनी आम्हाला तयार राहायला सांगितलंय. पण अधूनमधून त्यांचा उजवा पाय ताठ होतो आणि पलंगाच्या फळीवर दाबला जातो. जुनी सवय, डॉक्टर म्हणतात. तेव्हा ते डोळे उघडतात आणि माझ्याकडं बघून, ऐकू येईल न येईल अशा आवाजात विचारतात, "झालं का काम?"

पहिल्या वेळी "झालं" हा शब्द अगदी ओठावर आला होता. मग मला उसातली ती घरघर बंद पडल्याचं आठवलं.

आता मी पलंगाशी बसते, त्यांच्या पायावर हात ठेवते आणि दर वेळी एकच सांगते... "अजून थोडं राहिलंय, आप्पा. गाडी बंद करू नका."