माझा पूर्वपक्ष

शेवटच्या वर्षाला कुठला पेपर घ्यायचा हे मी दुसरं वर्ष संपायच्या बरंच आधी ठरवलं होतं. आमची पदवी जोडविषयांची, तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र. तिसऱ्या वर्षी दोनपैकी एक निवडायचं असतं: इकॉनॉमेट्रिक्स, म्हणजे आकडेवारीचं अर्थशास्त्र, नाहीतर तत्त्वज्ञानाच्या मॅडमांचा 'न्याय आणि वाटप'. इकॉनॉमेट्रिक्सला कितीही जण बसू शकतात. मॅडम मात्र एका टेबलाभोवती मावतील एवढेच विद्यार्थी घेतात, कारण त्यांच्या पेपरात व्याख्यान नसतंच. सगळ्यांनी बोलायचं असतं.

जी मुलगी हजेरीला 'प्रेझेंट' म्हणण्याआधी घसा खाकरते, तिने हा पेपर का मागावा? घरी मी कारण सांगितलंच नाही. अप्पा एवढंच म्हणाले, "बँकेच्या परीक्षेला काय लागतं ते बघून घे," आणि दुकानाच्या फोनवर पुन्हा कन्नडमध्ये बोलू लागले. कारण तसं साधं होतं. एकदा माझा निबंध परत देताना मॅडम हळूच म्हणाल्या होत्या, "हे मला तुझ्या तोंडून ऐकायचंय." ते वाक्य मी कितीतरी दिवस सांभाळून ठेवलं होतं.

आणि तोच पेपर तिलाही हवा होता.

ती आमच्याच वर्गातली, मोहोळहून एसटीने येते. पहिल्या बाकावर बसते. इंग्रजी पुस्तक वाचताना फोनवर शब्द शोधत राहते, त्याची तिला लाज वाटत नाही. मॅडम एखादा सिद्धांत समजावत असल्या की मधेच म्हणते, "पण मॅडम, हे आमच्याकडं न्हाय चालत की." मग मॅडम हातातला खडू खाली ठेवतात आणि म्हणतात, "का नाही चालत? सांग." खडू त्या फक्त तिच्यासाठी खाली ठेवतात. हे वर्गात आणखी कुणाच्या लक्षात आलं नसावं.

गुण मला जास्त पडतात. पण घरात कन्नड, शाळेत इंग्रजी, रस्त्यावर मराठी असं करत मी मोठी झाले आणि भांडण मला तिन्हींत जमत नाही. तिला एकच भाषा येते आणि तिचं सगळं त्या एकीत मावतं. डबा खाताना ती कडक भाकरीचा तुकडा मोडून न विचारता माझ्या झाकणात टाकते, वर शेंगाची चटणी. ती चव मला आवडायची. आवडते याचाच राग यायचा.

पेपरासाठी मुलं निवडायची मॅडमांची पद्धत जुन्या वादसभेतली आहे. आपलं मत मांडण्याआधी समोरच्याचं मत मांडायचं. हा पूर्वपक्ष. तोही असा मांडायचा की समोरच्याने म्हणावं, "होय, माझं म्हणणं हेच." असं म्हणवून घेता आलं तर टेबलाशी जागा, नाहीतर इकॉनॉमेट्रिक्स. "हो म्हणायचं ते खरंच पटलं तर," मॅडम म्हणाल्या. "भिडेखातर नको."

प्रश्न दिला तो सोलापुरात कुणालाही विचारता येईल असा होता. पाणी कमी आहे. ते कसं वाटायचं? जास्त पैसे देईल त्याला, की रांगेत उभा राहील त्याला, की आणखी कसं? "ज्यांचं एकमेकांशी पटत नाही असं मला वाटतं, त्यांच्या जोड्या लावतेय," असं म्हणून त्यांनी माझी जोडी तिच्याशी लावली. माझे कान तापले. आमचं कधी वाजलं नव्हतं. मॅडमांना काय दिसलं होतं?

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. "अगं, तुझं म्हणणं काय हाय ते सांग की. मला मांडायचंय."

"बघू," मी म्हणाले.

"बघू काय बघू?"

"अजून ठरलं नाही."

ठरलं होतं. पण तिच्याकडे एवढं असताना मी आणखी का द्यायचं?

पूर्वपक्ष मांडायच्या दिवशी आधी माझी पाळी आली. मला तयारी अशी करावीच लागली नाही. दोन वर्षं मी तिचं एकेक वाक्य ऐकत आले होते, बसस्टँडवर मैत्रिणीशी बोललेलंसुद्धा. मी सांगितलं, हिच्या मते पाणी रांगेनेच वाटावं. पैसा सगळ्यांकडे सारखा नसतो, वेळ निदान असतो. टँकर आला की पुढाऱ्याच्या घरची घागर आणि गरिबाची घागर एकाच रांगेत लागते, आणि कुणी मधे घुसलं तर ते सगळ्यांना दिसतं. पैशाने घुसलेला दिसत नाही. माझा आवाज बारीक होता, पण कुठे अडला नाही.

"व्हय, माझं म्हणणं हेच," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा नीट सांगितलं की हिनं."

"इंग्लिश मीडियम बोललं रे!" मागून कुणीतरी ओरडलं आणि वर्ग हसला. मॅडमांनी फळ्यावर माझं नाव लिहिलं. मी खाली बसले. आता तिची पाळी होती, आणि तिच्यापाशी मांडायला माझं काहीच नव्हतं. तिच्याशिवायचं ते टेबल मला अगदी स्पष्ट दिसत होतं.

ती उठली. "मॅडम, हिनं मला काय सांगितलं न्हाय. म्हणून बघितलेलं सांगते." तिने ओढणी सारखी केली. "कँटीनला ही पैसे हातात धरून काउंटरपाशी उभी राहते. मागनं पोरं येतात, 'काका, दोन च्या' म्हणून घिऊन बी जातात. ही गप. लई वेळ गप. मग मी वरडते, तवा हिला च्या मिळतो."

पुन्हा हशा. मी बाकाच्या कडेकडे बघत राहिले.

"तर मॅडम, पैशानं वाटलेलं हिला नको असणार. ते मलाबी नको. पण रांगबी नको असणार. मी म्हणते रांगेत सगळे सारखे. ही म्हणंल, न्हाईत सारखे. ज्याला आवाज हाय तो पुढं जातो, बाकीचे हितंच उभे. म्हणून पाणी मागायलाच लागू नये, असं हिचं म्हणणं असंल. पाळी आधीच ठरलेली, नळ ज्याच्या त्याच्या दारात. कुणी वरडायचं न्हाय, कुणी हात पसरायचा न्हाय." मग माझ्याकडे वळून, "व्हय का गं?"

मॅडमांनी खडू खाली ठेवला.

हे मी दोन पानांत लिहिलं असतं, चार परदेशी विचारवंत मधे आणून. ती एका चहावरून तिथे पोचली होती. आणि लोकांकडे बघत राहणं, ही एक गोष्ट तरी माझी एकटीची आहे असं मी धरून चालले होते.

'नाही' म्हटलं असतं तर कुणाला कळलं नसतं. माझं मत माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. पण मॅडम आता तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या, आणि तिने सांगितलेलं अक्षरन् अक्षर खरं होतं.

"होय," मी म्हणाले. "माझं म्हणणं हेच."

शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं असावं, कारण या वेळी कुणी हसलं नाही. फळ्यावर माझ्या नावाखाली तिचं नाव आलं.

आता टेबलाशी ती माझ्या समोर बसते. मी बोलते, थोडं थोडं. परवा मी पाळीचा मुद्दा मांडायला लागले तेवढ्यात एकजण म्हणाला, "हां, ते कँटीनचं ना?" माझ्या मताचं वर्गात पडलेलं नाव ते. मधल्या सुट्टीत ती अजूनही काउंटरवर ओरडते, "काका, दोन! एक हिचा!" आणि मी चहा घेते.

वर्षाचा प्रबंध मी याच विषयावर लिहितेय. मॅडम म्हणतात, चांगला चाललाय. रोज लिहिलेलं मी स्वतःशी मोठ्याने वाचून बघते. जिथे वाक्य खरोखर जमलेलं असतं, तिथे मला माझा आवाज ऐकू येत नाही. मोहोळचा येतो.