वाढवलेला पाटा

पौडला दवाखाना थाटून मला चार-पाच वर्षं झाली, तेव्हा मी एक जुनी स्टेशन वॅगन घेतली. साठ सालच्या पुढेमागेची ही गोष्ट. अवघड रोगी पुण्याला हलवायचा तर एस.टी. नाहीतर बैलगाडी. ज्याला उठून बसता येत नाही त्याला एस.टी.चा उपयोग नसे, आणि बैलगाडीत दिवस जाई. आडवा माणूस नेता येईल अशी गाडी हवी, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पुण्याच्या लष्कर भागात एका गॅरेजात अशा दोन गाड्या विकायला होत्या. एक आखूड, रंग उडालेली. दुसरी लांबलचक, तकतकीत. तिची मागची सीट पाडली की सहा फुटी माणूस सरळ निजू शकत होता. तिथल्या वयस्क मिस्त्रीने तिचं पुढचं चाक जॅकवर उचललं आणि दोन्ही हातांनी धरून हलवून दाखवलं. चाकाबरोबर हलायला नको असलेलं बरंच काही हललं.

"साहेब, लहान घ्या. दिसायला भिकार आहे, पण रस्ता धरते."

"तिच्यात रोगी निजत नाही हो."

"मग मोठी घ्या. पण हिला मागं जास्त ओझं सोसायचं नाही. शेपूट लांब आहे."

लष्करातल्या गुळगुळीत रस्त्यावर मी ती रिकामी चालवून पाहिली आणि पसंत केली. रिकामी गाडी पाहून गाडी घेतली, ही पहिली चूक.

मुळशीच्या रस्त्यावर ती पहिल्याच आठवड्यात बोलू लागली. स्टिअरिंग चार बोटं फिरवल्यावर मग चाक ऐकायचं. खड्डा गेला तरी गाडी दोन-तीन हेलकावे खात राहायची. मी ती परत मिस्त्रीकडे नेली. त्याने पुढच्या सांध्यांतले झिजलेले बुश बदलले, स्टिअरिंगचा ढिला खेळ काढला, हेलकावे आवरणारे चारही शॉक नवे घातले, टायरमधली हवा थोडी कमी करायला लावली. महिन्याभरात गाडी माणसात आली. पिरंगुटच्या घाटात मी तिला वळणांवर मुद्दाम जरा जोराने घालून पाहिलं. ती सरळ, शांत उतरली. मला फार बरं वाटलं होतं.

पण मी अजून तिच्यात एकटाच होतो.

आमच्या भागात आजारी माणसाला एकटं पाठवत नाहीत. भाऊ येतो, चुलता येतो, सासरचं एक माणूस येतं, माहेरचं एक येतं. जो बरोबर गेला नाही त्याचं नाव पुढे प्रत्येक लग्नात निघतं. रोगी आत निजला की बाकीचे त्याच्या उशापायथ्याशी कोंबून बसत, आणि उरलेले मागची फळी खाली सोडून तिच्यावर पाय लोंबकळत सोडून बसत. टपावर घोंगड्या, पातेली, नाचणीचं पोतं, कारण इस्पितळाच्या आवारात चूल मांडायची असे. सगळं ओझं मागच्या चाकांच्याही मागे. पुढचा भाग हलका होऊन गाडी आकाशाकडे बघू लागे आणि स्टिअरिंग हातात पोकळ लागे.

त्यांना उतरा म्हणायला माझी जीभ रेटली नाही. मी बाहेरचा, ब्राह्मण, शिकलेला. गाडीचा गर्व आला असं कुणी म्हणू नये याची मला फार काळजी. म्हणून मी माणसांना सांगायचं सोडून मिस्त्रीला सांगितलं, मागच्या चाकांवरच्या दोन्ही कमानींना, म्हणजे स्प्रिंगांना, एकेक पोलादी पाटा वाढवून दे.

त्याने विडी विझवली. "पाटा घालतो. गाडी बसणार नाही, उंच राहील. पण मागून कडक होईल. खडीच्या वळणावर फेकेल. साहेब, माणसं कमी करा, हा खरा इलाज."

"तू पाटा घाल," मी म्हटलं.

हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

भातकापणीच्या दिवसांत मुळशी धरणाच्या वरच्या अंगाच्या धनगरवाड्यावरून एका तरुणाला घोंगडीच्या झोळीत घालून आणलं. शेरडांसाठी डहाळे तोडताना तो झाडावरून पडला होता. मांडीचं हाड मोडलं होतं, पण जागेवर होतं. मी बांबूच्या कामट्यांनी पाय बांधला. हलला नाही तर पाय नीट जुळेल, हे मला दिसत होतं. हलला तर काय होईल, तेही दिसत होतं.

गाडीत त्याला निजवलं आणि मागे वळून पाहिलं तर सात जण चढलेले. त्याचा चुलता फळीवर मधोमध बसून दुसऱ्याला हात देत होता.

"जरा जास्त होतायत," मी म्हटलं.

"व्हय की. आमीबी तेच म्हन्तो. ए, सरक तिकडं, डाक्टरला लई झालं तुजं बूड."

सगळे हसले. आत निजलेला तोसुद्धा हसला. मीही हसलो आणि गाडी सुरू केली.

पिरंगुटपर्यंत प्रत्येक खड्ड्याला मागचा भाग बसण्याऐवजी उडत होता आणि प्रत्येक उडीला तो तरुण दातांतून श्वास ओढत होता. मी वेग कमी केला, आणखी कमी केला. घाट चढून पलीकडच्या उतारावर डाव्या वळणाला नवी खडी टाकलेली होती. मी ब्रेकला पाय लावला, एवढंच. गाडीचा मागचा भाग सुटला, उजवीकडे वाहत गेला आणि कडेच्या दगडाला आदळून थांबला. फळीवरचे दोघे खाली पडले, त्यांना खरचटलं. आत तो ओरडला. माणसाचा तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

कामट्या सरकल्या होत्या. पाय बाहेरच्या बाजूला वळला होता.

पुण्यात फोटो काढून सर्जन म्हणाले, "हाड वाटेत हललंय. काय झालं?"

"रस्ता खराब आहे," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. चुलतासुद्धा म्हणाला, "लई वंगाळ रस्ता." सगळ्यांना ते पटलं, आणि मी ते पटू दिलं.

उन्हाळ्यात तो काठी टेकत दवाखान्यात आला. पाय दोन बोटं आखूड राहिला होता. कड्यावरून शेरडांमागे पळणाऱ्या माणसाला दोन बोटं म्हणजे काय, हे त्याला पाहून कळलं. पायरी चढताना तो आधी थांबून पायरीकडे बघत होता. मला तूप द्यायला आला होता. बाकावर बसला, मग विचारलं,

"डाक्टर, ह्यो असाच जुळनार हुता का?"

तो सहज विचारत होता. हो म्हटलं असतं तर तो उठून गेला असता. मी हो म्हणायला तोंड उघडलंही होतं.

"नाही," मी म्हटलं. "सरळ जुळला असता. गाडीत ओझं फार झालं होतं. मला माहीत होतं, मिस्त्रीने सांगितलं होतं. मी तुमच्या माणसांना उतरवलं नाही."

तो काठीचं टोक फरशीच्या फटीत घालून फिरवत राहिला.

"का न्हाई उतरवलं?"

"कसं सांगू ते सुचलं नाही."

"आता मला सांगितलं तसं," तो म्हणाला. तूप ठेवून तो गेला. पुन्हा आला नाही. मी दोनदा वाड्यावर निरोप पाठवला.

त्याच आठवड्यात मी दोन्ही वाढवलेले पाटे काढून टाकले. पुढच्या खेपेला पोटाच्या दुखण्याची एक बाई होती. बरोबर चढणारे पाच जण होते. मी खाली उतरून मागे गेलो. "एक जण आत तिच्याजवळ, एक पुढे माझ्याशेजारी. बाकीच्यांनी यष्टीनं या. सामान टपावर नाही, तिच्या पायाशी."

"आन् आमी काय मानसं न्हाईत व्हय?" एक म्हातारी म्हणाली. "गाडी न्हवती तवा बरा हुतास."

आजारी बाईचा नवरा, दीर, भाऊ सगळे माझ्याकडे बघत रस्त्यात उभे राहिले, आणि मी फळी वर उचलून तिची कडी लावली.